कापलेल्या चित्रांची नोंद

चंद्रपुरातल्या एका चित्रकला महाविद्यालयात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि एक जाडजूड पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. लघुचित्रांचं पुस्तक होतं ते. डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर चित्र, मधे पातळ बटर पेपर. प्राचार्य पानं उलटत गेले आणि एके ठिकाणी थांबले. तिथे बटर पेपर होता, पण खाली चित्र नव्हतं. शिवणीजवळ बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती, तिची कड अगदी सरळ.

"पट्टी धरून ब्लेडनं कापलंय," प्राचार्य म्हणाले. "घाईत फाडलेलं नाही. सवयीच्या माणसाचं काम आहे हे."

तसली आणखी चार पुस्तकं त्यांनी दाखवली. आधीचे ग्रंथपाल निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. "भला माणूस होता, पण लक्ष नव्हतं. तुम्ही ठेवा," प्राचार्य म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "बाहेरचा एकच माणूस येतो आपल्याकडे. दिसेलच तुम्हाला."

साल १९९४. मी चोवीस वर्षांची. ग्रंथालयशास्त्राची पदवी होती, चित्रकलेतलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. आम्ही वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथल्या स्टोअरमध्ये कामाला होते. गेटपास आणि माल ताडून पाहण्यात त्यांची हयात गेली होती आणि तोच स्वभाव घरात उतरला होता. भाजीवाल्याची पिशवी, पाहुण्यांची थैली, आमची दप्तरं, सगळ्यांवर त्यांची नजर असायची. नव्या नोकरीतली ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जो माणूस आपणहून झोळी उघडून दाखवते ना, त्याच्यावर दोन डोळे जास्त ठेव."

शुक्रवारी दुपारी तो माणूस आला. नमाज आटपून, डोक्यावर अजून टोपी. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, सदऱ्याच्या बाह्यांवर पिवळ्या-निळ्या रंगाचे डाग. जटपुरा गेटच्या आतल्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे शेर, टॉकीजची पोस्टरं, गणेश मंडळांचे पडदे, मोहरमचे ताजिये, सगळं तो रंगवायचा. सारे त्याला पेंटरभाऊ म्हणत, मीही म्हणू लागले. आवारातल्या नळावर त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि टेबलापाशी येऊन दोन्ही हात मला उलटसुलट करून दाखवले.

"हात साफ हाये, बाई. आता किताब द्या."

मी कार्ड मागितलं. कार्ड होतं, जुन्या ग्रंथपालांच्या सहीचं. मुदतीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कायम'. आमच्या नियमांत असं सभासदत्व कुठंच नव्हतं. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

आठवड्यातून दोनदा ते यायचे आणि उत्तरेच्या खिडकीजवळ बसायचे. अक्षरांच्या वळणांचं एक पुस्तक आणि नक्षीकामाची दोन मोठी पुस्तकं, एवढीच त्यांची मागणी असे. मजकूर वाचत नसत. पानावर पान अर्धा-अर्धा तास पाहत आणि वहीत पेन्सिलीनं रेघा ओढत. एक माणूस एकच पान अर्धा तास का पाहतो, हे मला तेव्हा कळायचं नाही. मी माझं टेबल हलवून खिडकीसमोर घेतलं. त्यांच्या ते लक्षात आलं असणार. निघताना ते माझ्यासमोर थांबायचे, कापडी झोळ्याचं तोंड उघडून धरायचे आणि म्हणायचे, "देखून घ्या."

आणि मी पाहायची. बाबांचं वाक्य कानात होतंच.

त्याच सुमारास मी सगळं ग्रंथालय मोजायला घेतलं. प्रत्येक पुस्तकाच्या सूचीत किती चित्रं लिहिलीत आणि आत किती आहेत, रोज दोन-तीन पुस्तकं. कमी असेल तिथे एका वेगळ्या वहीत नोंद. पहिल्या रकान्यात पुस्तकाचा दाखल क्रमांक, दुसऱ्यात गेलेलं चित्र, तिसऱ्यात मला ते कळलं ती तारीख, चौथ्यात त्या आठवड्यात बाहेरचं कोण आलं होतं. वही पद्धतशीर आहे असा मला अभिमान होता. पण बाहेरून एकच माणूस यायचा आणि दर आठवड्याला यायचा. चौथ्या रकान्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. तेवढं मला सुचलं नाही. पानामागून पान एकच नाव लिहीत गेले आणि प्रत्येक नव्या ओळीनं माझी खात्री वाढत गेली.

एक गोष्ट मात्र खटकायची. कापून उरलेल्या पट्टीवर कधी कधी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं असे, 'चि. ३१', 'चि. ४७'. पुस्तक विकणाऱ्याच्या खुणा असतील म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये ते घडलं. वार्षिक परीक्षेमुळं वाचनकक्ष विद्यार्थ्यांनी भरलेला होता. पेंटरभाऊ निघाले, झोळा उघडून धरला. रोज मी वरवर पाहायची. त्या दिवशी सकाळीच अजिंठ्याच्या पुस्तकात तीन चित्रं कमी सापडली होती. मी म्हटलं, "टेबलावर रिकामा करा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग एकेक वस्तू काढून ठेवली. वही, दोन पेन्सिली, चष्म्याची डबी, कागदात बांधलेलं विड्याचं पान, आणि कागदाच्या घडीत गुंडाळलेलं अर्धं ब्लेड.

मी ते ब्लेड सगळ्यांना दिसेल असं उचलून धरलं. आज ते आठवलं की माझाच हात मला परका वाटतो.

"हे कशाला लागतं?"

"पेन्सिल छिलाले," ते म्हणाले. मग त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली. बहुतेक विद्यार्थ्यांच्या कंपासमध्ये, कोळशाच्या पेन्सिलीशेजारी, तसलंच ब्लेड होतं. "बाई, ब्लेड तं इथी सगळ्यायपाशीच हाये. माह्यंच काऊन दिसलं तुमाले?"

मी ब्लेड घेऊन प्राचार्यांच्या केबिनकडं निघाले. संध्याकाळच्या आत प्राचार्यांनी त्यांचं कार्ड रद्द केलं.

त्यानंतर एकही चित्र गेलं नाही. महिना झाला, दोन झाले, वहीत नवी ओळ नाही. प्राचार्यांनी सभेत माझं कौतुक केलं. मीही मान डोलावली. चोर सापडला म्हणून चोरी थांबली, असं आम्ही दोघंही धरून चाललो. मार्चअखेर माझी मोजणीच संपली होती, पाहायचं एकही पुस्तक उरलं नव्हतं, त्यामुळं नवी जागा रिकामी सापडणार तरी कुठून, हा साधा हिशेब मला वर्षभर सुचला नाही.

तो सुचला एका पार्सलमुळं. शहाण्णवच्या पावसाळ्यात अहेरीहून पोस्टानं एक चपटं पार्सल आलं. पत्ता महाविद्यालयाचा, पण 'ग्रंथपाल महोदय' असं पुरुषाला उद्देशून लिहिलेलं. आत जाड पुठ्ठ्यांवर डकवलेली सहा रंगीत चित्रं होती, कडांना कापडी पट्टी लावलेली. अजिंठ्याची तीन होती, एक पहाडी लघुचित्र होतं. सोबत ट्रेसिंग पेपरवर गिरवलेल्या काही आकृत्यांची घडी आणि अहेरीजवळच्या एका शाळेतल्या चित्रकला शिक्षकाचं पत्र. 'चित्रे परत करण्यास फार उशीर झाला, क्षमा असावी. मुलांनी जपून हाताळली. पुढील संच पाठवावा. या खेपेचे खाके सोबत जोडले आहेत.'

मी अजिंठ्याचं पुस्तक काढलं आणि एक चित्र शिवणीजवळच्या पट्टीला लावून पाहिलं. कडेला कड जुळली. पट्टीवर 'चि. ४७', पुठ्ठ्याच्या मागंही 'चि. ४७'.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? चोरीचा माल पार अहेरीपर्यंत जातो तर! मास्तरही सामील दिसतोय. मी पुठ्ठा नीट पाहिला तेव्हा मात्र त्यावर आमच्याच ग्रंथालयाचा जांभळा शिक्का दिसला. खाली देण्या-घेण्याच्या तारखांचा कागद चिकटवलेला, आणि प्रत्येक तारखेसमोर जुन्या ग्रंथपालांची सही. सगळ्यात शेवटची तारीख मी रुजू होण्याच्या आधीची होती.

जुने ग्रंथपाल निवृत्तीनंतर मुलाकडं गडचांदूरला राहायला गेले होते. रविवारी राजुऱ्यावरून जाणारी एस.टी. पकडली. ते अंगणात कुंडीतल्या तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसत बसले होते. मी ओळख सांगितली आणि पिशवीतून चि. ४७ काढून त्यांच्यासमोर धरलं.

ते जराही दचकले नाहीत. "आलं का वापस? मले वाटलं होतं, गेलं हे." मग फडकं बाजूला ठेवून म्हणाले, "कापली मीच. सगळी."

"का?"

"सांगतो, बसा." त्यांनी मला ओसरीवर बसवलं. "तिकडचे मास्तर लोक वर्षातून एकदा परीक्षेच्या कामानं चांद्याले येत. थो अहेरीवाला मास्तर पुस्तक घेऊन उभाच राहे. एस.टी. चुकली तरी उभा. म्हणे, हे माह्या पोट्ट्यायले दाखवता आलं असतं तं! आता किताब काही बाहेर देता येत नोहोती. 'येथेच पाहावे' असा शिक्का तिच्यावर. आनं आपल्या इथी कोण पाहे थे? वर्षातून चार जण. मंग एक दिवस मी पानच काढलं. एक काढलं, मंग दुसरं. पुठ्ठ्यावर लावून देत गेलो. एटापल्लीपर्यंत गेलीत चित्रं. थे लोक वापस पाठवताना तिकडचे खाके पाठवत. गोंदणाचे, लाकडी फण्यांचे. म्हटलं, हेही ग्रंथालयच होय."

"प्राचार्यांना सांगितलं नाही?"

"ग्रंथपालानं ग्रंथ कापला, हे कोणाले सांगता येते?" ते म्हणाले. "पुठ्ठे कापून, खळ लावून, पट्टी मारून द्याले पेंटर होता. फुकटात केलं त्यानं सारं. म्हणून कार्डावर 'कायम' लिहून देल्लं. त्याले मी शपथ घातली होती, कोणापाशी बोलू नको. चौकशी लागली असती तं माही पेन्शन अडकली असती."

मी ब्लेडची हकिगत सांगितली. माझं बोलणं संपेपर्यंत ते खाली पाहत होते.

"माहीत हाये मले," ते म्हणाले. "त्यानं नाई सांगितलं. दुसऱ्याकून कळलं."

"कळलं होतं, तर आला का नाहीत तुम्ही?"

त्यांनी पुन्हा फडकं उचललं. "पेन्शनचे कागद नागपुरातच होते, बाई. अजून सही झाली नोहोती."

मला त्यांचा राग आला, आणि तो पुरता कधी गेला नाही. ज्या पोरांनी आयुष्यात रंगीत छापलेलं चित्र पाहिलं नव्हतं त्यांच्यापर्यंत त्यांनी अजिंठा पोचवला, हे खरं. एका गरीब माणसाला त्यांनी वर्षभर चोर राहू दिलं, हेही खरं. चहा घेताना त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर मला एक फ्रेम दिसली. नदीकाठच्या रासलीलेचं पहाडी चित्र, छपाई उत्तम, कागद गुळगुळीत. ते कुठून आलं, हे मी विचारलं नाही. शिक्का पाठीमागं असतो. फ्रेम उतरवून पाहण्याची इच्छा मला फार झाली, एवढं कबूल करते.

निघताना त्यांनी लोखंडी कपाटाची किल्ली दिली. ते कपाट ग्रंथालयाच्या कोपऱ्यात उभंच होतं, किल्ली हरवली आहे असं मला सांगण्यात आलं होतं. आत पुठ्ठ्यावरची चित्रं ओळीनं लावलेली होती, देवघेवीची वही होती, आणि चार मोठे फोल्डर. फोल्डरमध्ये ट्रेसिंग पेपरवरचे खाके. बायकांच्या हातांवरचं, पिंढऱ्यांवरचं गोंदण, ठिपक्याला ठिपका, अंगावर होतं तेवढ्याच आकाराचं. कोपऱ्यात त्या बाईचं नाव, गाव, आणि त्या आकृतीला त्या काय म्हणतात ते. मी तासभर तिथेच खाली बसून पाहत राहिले. एकेका कागदावर अर्धा तास जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

देवघेवीच्या वहीवरून पाहिलं तर चित्रांपैकी निम्मी परत आलीच नव्हती. प्राचार्यांना मी म्हटलं, चित्रं सापडली, जुन्या कपाटात होती. "कापली कोणी?" त्यांनी विचारलं. "कळलं नाही," मी म्हटलं. खोटं बोलले. पण पेंटरभाऊंनी कापली नाहीत एवढं लेखी दिलं आणि कार्ड परत सुरू करून घेतलं.

ते कार्ड घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले. ते एका दवाखान्याची पाटी लिहीत होते. ब्रश थांबवला नाही. 'वेळ सकाळी' एवढी अक्षरं पुरी होईपर्यंत मी उभी होते.

"भाऊ, माझ्याकडून फार मोठी चूक झाली. तुम्ही एका शब्दानं बोलला असता तर..."

"बोललो असतो तं बुढ्याचं काय झालं असतं?" त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "जबान देल्ली होती ना." मग कार्ड हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. "यावर तं मुदत टाकली तुमी."

"एक वर्षाची. नियम आहे."

"चालते," ते म्हणाले.

ते पुन्हा येऊ लागले. पण जाताना टेबलासमोर थांबून झोळा उघडून धरायचे. मी किती वेळा म्हटलं, भाऊ, नका. "राहू द्या, सवय झाली," एवढंच उत्तर. त्यात टोमणा होता की खरंच सवय होती, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

पुढं काळ झपाट्यानं बदलला. दोन हजार सालानंतर चंद्रपुरात फ्लेक्सची यंत्रं आली आणि पेंटरभाऊंच्या हातातलं काम दोन-तीन वर्षांत ओसरलं. त्यांना वेळच वेळ झाला. ते रोज यायला लागले, आणि विद्यार्थी यायचे थांबले. पोरं संगणकावर चित्रं पाहायची, सीडी आणायची. प्राचार्यांच्या तोंडी नवा शब्द आला होता, माहिती केंद्र. उत्तरेच्या खिडकीखालची टेबलं काढून तिथं चार संगणक बसवले, पडद्यावर उजेड नको म्हणून खिडकीही लावून टाकली. मोठी पुस्तकं वरच्या फळ्यांवर गेली. आता त्यांना ना कापणारा होता ना पाहणारा.

अशात एक गृहस्थ आले. चाळिशीचे, मृदू बोलणारे, खांद्याला लॅपटॉपची बॅग. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा संशोधन केंद्राचं पत्र होतं त्यांच्याकडं. ते तीन दिवस येत राहिले. "इतका मौल्यवान संग्रह इथं असा पडून आहे, याचं वाईट वाटतं," ते म्हणाले. "ट्रेसिंग पेपर पाच-दहा वर्षांत ठिसूळ होईल. याचं डिजिटायझेशन झालंच पाहिजे. जगभरचे अभ्यासक पाहू शकतील." मला ते बोलणं पटलं. कागद खरंच पिवळे पडले होते, घड्यांवर चिरत होते. त्यांनी सोबत आणलेला स्कॅनर लहान होता, खाके मावत नव्हते. म्हणून फोल्डर घेऊन जातो, पंधरा दिवसांत परत पाठवतो, असं ठरलं. प्राचार्यांनी तिथल्या तिथं परवानगी लिहून दिली.

पेंटरभाऊ दोन टेबलं सोडून बसलेले होते. गृहस्थ चहाला बाहेर गेले तसे ते उठून माझ्याजवळ आले.

"बाई, तीन दिस पाहून राह्यलो मी. ह्या माणसानं एकबी किताब उघडली नाई. फक्त गोंदणाचे खाके. त्यातबी कोपऱ्यात काय लिव्हलं हाये थे वाचत नाई. नुसती डिझाइन पाहते."

"अभ्यासक आहेत, भाऊ."

"अभ्यास करणारा नाव वाचते ना पहिले. कागद देऊ नका. देत असान तं लिहून घ्या, किती देल्ले, कोणते देल्ले. त्याचा झोला देखा."

मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "मी आता कोणाचे झोळे पाहत नाही."

ते जागेवर जाऊन बसले. मला वाटलं, मी काहीतरी मोठं बोलले. ब्लेडच्या त्या दिवसाची लाज मी नऊ वर्षं बाळगली होती. एका सभ्य माणसावर पुन्हा संशय घ्यायचा नाही असं मी स्वतःला बजावलं होतं, आणि सभ्य कुणाला म्हणायचं ते कपडे आणि भाषा पाहून ठरवलं होतं. पाटी रंगवणाऱ्याचा झोळा मी रोज पाहिला. लॅपटॉपवाल्याच्या हातात चारही फोल्डर दिले, वरून सुतळीही बांधून दिली. कागदांची यादी केली नाही.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. पत्राला उत्तर आलं, काम सुरू आहे. मग फोन लागायचा, ते जागेवर नसायचे. वर्षानं एक सीडी आली. तीत खाके होते, पण अंगठ्याएवढे, प्रत्येकावर आडवी पुसट पट्टी मारलेली. नावाचा कोपरा कुठंच नव्हता. मूळ कागदांबद्दल विचारलं तर त्या केंद्रातून कळलं की ते गृहस्थ कामावरून केव्हाच गेले, आणि असा कुठलाही संच तिथं जमा झालेला नाही. प्राचार्य म्हणाले, "सीडी आहे ना आपल्याकडं? मग झालं. जागाही वाचली."

पेंटरभाऊंना सांगायला मला आठवडा लागला. ते तेव्हा शाळांच्या भिंतींवर मुळाक्षरं आणि घोषणा लिहिण्याच्या कामाला तिकडं गडचिरोलीकडं जात होते. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी बोललो होतो," ते म्हणाले. आणि झोळा खांद्याला लावत, "बाई, तुमी चुकीच्या टायमाले सुधरल्या."

मला हसूही आलं आणि रडूही. ते मात्र हसत नव्हते.

अहेरीच्या मास्तरांना पत्रानं कळवणं बरं वाटेना. मी स्वतः गेले. गोंडपिपरी, आष्टी करत एस.टी. दुपारी पोचली. बाजाराचा दिवस होता. मास्तर आता निवृत्तीला आले होते. शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही बसलो आणि मी घडलं ते सगळं सांगितलं, पेंटरभाऊंनी सावध केलं होतं तेही.

मास्तर रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "बायांनी मले तेव्हाच विचारलं होतं. आमच्या हातावरचं लिहून तू कुठी नेतं? कोणाले देतं? ते लोक काय करतीन त्याचं? मी सांगितलं, मोठं ग्रंथालय हाये, तिथी सांभाळून ठेवतेत. एक बाई म्हणे, आमचं आमच्या अंगावर सांभाळून हाये ना, मंग तिथी काहाले? मी हसण्यावारी नेलं."

म्हणजे मी पेंटरभाऊंकडं ज्या नजरेनं पाहायची, त्याच नजरेनं त्या बायका आमच्या सगळ्यांकडं, जुने ग्रंथपाल, मास्तर, मी, आधीपासून पाहत होत्या. त्यांचा संशय मात्र खरा ठरला.

मास्तरांनी आत जाऊन एक पत्र्याची पेटी आणली. चंद्रपूरला पाठवलेल्यांपैकी काही खाक्यांच्या कच्च्या प्रती त्यांनी ठेवल्या होत्या, शिवाय नंतर केलेले नवे. मी पाहू लागले. ते समोर बसून होते. शिपायानं चहा आणला तेव्हा पेटीचं झाकण त्यांनी आधी बंद केलं आणि मग कप घेतला.

"ह्याच्या झेरॉक्स मिळतील का? ग्रंथालयासाठी," मी विचारलं, आणि विचारताना माझंच मला कसंतरी झालं.

"नाई," ते शांतपणे म्हणाले. "ज्याले पाहाचं हाये त्यानं इथी यावं. तुमी तिथी लिहून ठेवा, की हे अहेरीले हाये."

"निदान यादी? कोणत्या गावचे, कशाचे. नावं नकोत."

"तीन बाया अजून हायेत त्याच्यातल्या. बाजाराले येतेत. विचारून पाहतो. त्यायनं हो म्हटलं तं पाठवतो."

परत आल्यावर मी कपाटातली देवघेवीची वही पुढं चालू केली. आता पुठ्ठ्यांवरची चित्रं कुणी मागत नव्हतं आणि खाके गेलेच होते. म्हणून पान आखून वर लिहिलं, 'ग्रंथालयात नसलेले, इतरत्र पाहावयाचे'. संगणकावर काम करणारी पोरं कधी ती वही पाहून विचारायची, मॅडम, जे नाही त्याची नोंद काऊन ठेवता? मी सांगायची, ते कुठं आहे ते कळावं म्हणून.

महिनाभरानं मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. दोघींनी हो म्हटलं होतं. त्यांची गावं आणि आकृत्यांची नावं बारीक अक्षरात लिहिली होती. तिसरीनं नाही म्हटलं होतं. का, ते लिहिलेलं नव्हतं. मी दोघींची नोंद केली आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं, 'परवानगी नाही'. प्राचार्यांनी ते पाहून विचारलं, कोणाची? मी म्हटलं, त्या बाईंची.